ताइताची सावली

पा हिन गावात सीनुआनच्या हातचा खल कधी परत आला नाही. खल परत येतो म्हणजे काय, तर बाजारात विकलेला खल महिन्या-दोन महिन्यांत दुभंगतो आणि गिऱ्हाईक दोन तुकडे पिशवीत घालून दारात येऊन उभं राहतं. आमच्याकडे याहून मोठी बेअब्रू नाही. सीनुआनवर ही पाळी आली नाही, कारण दगड घडवायला घेण्याआधी ती त्याला बोटाच्या पेराने ठोकायची, कान लावायची आणि मगच निकाल द्यायची. ठण्ण वाजला तर दगड सलग. बद्द वाजला तर आत कुठेतरी भेग, मग तो वरून कितीही देखणा असो.

"बाहेरून सगळेच गोरेगोमटे असतात गं," ती म्हणायची. "आतलं काय बोलतं ते ऐकायचं."

नवरा इन्ता डोंगरातून दगड आणायचा आणि छिन्नीने ओबडधोबड घडवायचा. आतली वाटी पोखरायची, घासायची, बत्ता तिच्यात बरोबर बसवायचा हे बायकांचं काम. पूर्वी तेही छिन्नीनेच व्हायचं. मग विजेचं चक्र आलं. कामाचा वेग चौपट झाला आणि धूळ दहापट. खांबांवरच्या घराखाली, सावलीत बसून सीनुआनने एकवीस वर्षं ते चक्र चालवलं. संध्याकाळी वर जेवायला आली की तिच्या भुवया पांढऱ्या असायच्या, आणि इन्ता म्हणायचा, "आली म्हातारी." ती तोंडाला ओलं फडकं बांधायची. फडकं वाळलं की पुन्हा ओलं करायला उठायचं, तेवढा वेळ कुणाला असतो?

तोंडाची फटकळ. एकदा शहरातला एक व्यापारी सिमेंट मिसळून ओतलेले खल घेऊन आला आणि म्हणाला, यावर तुमच्या गावाचं नाव घालू द्या. सीनुआनने त्याच्या समोर त्याच खलात मिरच्या-लसूण कुटले, चिकट भाताचा गोळा त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "खा. तुझाच माल आहे." ठेच्यात करकर वाजणारं सिमेंट त्याने दोन घास चावलं आणि गाडीत जाऊन बसला. सगळं गाव आठवडाभर हसत होतं. लोकांना तिचं बोलणं आवडायचं, फक्त ते दुसऱ्याला ऐकवत असली तर.

आमच्या गावात दगडाची धूळ म्हणून दर वर्षी थंडीच्या तोंडावर छातीचा फोटो काढणारी गाडी येते. देवळाच्या आवारात उभी राहते. नावं पुकारतात, एकेक जण पायरी चढून आत जातो, श्वास रोखतो, उतरतो. तंत्रज्ञ सांगतो, "गळ्यातलं काढा." इथेच सगळी गोम आहे. गळ्यात बुद्धाचा ताईत नाही असा माणूस आमच्याकडे शोधून सापडायचा नाही. मातीचा, नखाहून थोडा मोठा, प्लास्टिकच्या डबीत बसवलेला, सुती दोऱ्यात ओवलेला. साखळी कोणी घालत नाही, तिच्यात दगडाची कच अडकते आणि मान सोलवटते. तर हा बुद्ध काढून ठेवायचा कुठे? गाडीच्या पायरीशी एक प्लास्टिकची टोपली. शेजारी चपलांचा ढीग. टोपलीत आधीच्या माणसाचा कंबरपट्टा पडलेला. तिथे, गुडघ्याच्या खाली, बुद्धाला टाकायचं?

कोणी टाकत नाही. लोक दोरा फिरवतात आणि बुद्ध पाठीवर सरकवतात. फोटो छातीचा आहे, मग पाठीवरचं कशाला दिसेल? जे यंत्र माणसाच्या आरपार बघतं ते पाठीवरच्या बुद्धापाशी येऊन डोळे मिटेल, असा आमचा सगळ्यांचा पिढीजात समज. तंत्रज्ञाच्या स्वतःच्या गळ्यात तीन. तो कोणाला काय बोलणार?

त्या वर्षी सीनुआनने मात्र बुद्ध काढला. तो तिच्या आईचा होता, आणि बुद्धाच्या अंगातून वीज घालवायची हे तिला पटत नव्हतं. तिने तो नणंदेच्या, फोंगकेवच्या, ओंजळीत दिला. फोंगकेव विधवा, शेजारच्याच घरात राहणारी, वहिनीबरोबर चक्रावर बसणारी, कुणाला उलट शब्द न बोलणारी. तिने ओंजळ कपाळाशी धरली आणि वहिनी उतरेपर्यंत तशीच उभी राहिली. मग फोंगकेव आत गेली आणि तिचा बुद्ध सीनुआनने धरला. आरोग्य केंद्राचा अनुसोन तिथून जात होता. गावात त्याला सगळे डॉक्टर म्हणतात. तो डॉक्टर नाही, पण औषधाची खोली त्याच्या ताब्यात असते, म्हणून.

"काय मावशी, बुद्धांचा लिलाव मांडलाय का?" तो हसत म्हणाला.

"तुला परवडायचा नाही. पुढे हो," सीनुआन म्हणाली.

हे लक्षात ठेवा. त्याने पाहिलं होतं.

तीन आठवड्यांनी कागद आले. इन्ताने वाचून दाखवलं, "धूळ गेल्या वर्षीइतकीच. पुढच्या वर्षी तपासणी." मधली एक ओळ बारीक अक्षरात होती. त्याला ती फालतू वाटली, त्याने सोडून दिली आणि कागद दिनदर्शिकेच्या मागे खोचला.

उन्हाळ्याच्या तोंडावर डोंगर जळायला लागले की आमच्याकडे सगळेच खोकतात, त्यामुळे सीनुआनचा खोकला कुणाच्या कानाला वेगळा लागला नाही. अनुसोनने गोड औषध दिलं. "फोटो तर साफ आहे मावशी, धुराचा खोकला आहे." पाऊस आला, धूर गेला, खोकला राहिला. अनुसोनने टीबीसाठी तीनदा थुंकी तपासायला पाठवली. तिन्ही वेळा काही नाही. "बघा, टीबीही नाही. फोटो साफ, थुंकी साफ. आता वयाचं म्हणायचं." छप्पन्न वर्षांच्या बाईला! तिचा फानुंग, म्हणजे नेसायचं वस्त्र, कमरेला दोनदा गुंडाळूनही सुटायला लागला. पाठीत एका जागी ठणका. एके दिवशी घराचा जिना चढताना ती चौथ्या पायरीवर बसली आणि तिला उठता येईना. तेव्हा इन्ताने शेजाऱ्याची गाडी मागून तिला जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं. फोटोला अकरा महिने झाले होते.

तिथे आधी नर्स.

"सिगारेट दिवसाला किती?"

"एकही नाही."

"पूर्वी?"

"पूर्वीही नाही."

"ती पानात गुंडाळलेली गावठी?"

"माझी सासू ओढायची. ब्याण्णवाव्या वर्षी गेली, तीही जिन्यावरून पडून."

"नवरा?"

"पंधरा वर्षांपूर्वी सोडली."

"म्हणजे घरात धूर होता," म्हणत नर्सने लिहून टाकलं.

"बाई, दगडाचं विचारा की! एकवीस वर्षं मी दगडाची पिठी खाल्ली, तिचं विचारा!"

"तो रकाना यात नाही, मावशी."

सीनुआनला एवढा संताप आला की खोकल्याने तिचा जीव कासावीस झाला. जिल्ह्यात खल घडवणारी तीन गावं आणि कागदावर दगडाला रकाना नाही! ती त्या नर्सला आयुष्यभर विसरली नाही. आयुष्य फार उरलं नव्हतं ही गोष्ट वेगळी.

डॉक्टर पिम वयाने तिच्या मुलीसारखी. बारीक, चष्म्याची, बोलायला हळू. तिने सीनुआनच्या पाठीवर डाव्या हाताचं बोट ठेवून उजव्या बोटाने ठोकायला सुरुवात केली. वरून खाली, एकेक बोट सरकत. सीनुआन एकदम ताठ झाली.

"थांबा. तिथे परत वाजवा."

पिमने परत ठोकलं.

"डावीकडे वाजवा. आता उजवीकडे. बद्द आहे. आत भेग आहे बाई."

पिमने दोन्ही बाजू पुन्हा एकदा ठोकून बघितल्या. मग म्हणाली, "भेग नाही मावशी, पाणी आहे. पण तुम्ही बरोबर ऐकलंत. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना हे ऐकू येत नव्हतं."

पाठीतून सुई घालून पाणी काढलं. बादलीभर निघालं असं इन्ता गावात सांगायचा; खरं म्हणजे दीड लिटर. मग गोल यंत्रात निजवून छातीचे काप काढावेत तसे फोटो घेतले. दहा दिवसांनी पिमने दोघांना समोर बसवलं, कोऱ्या कागदावर फुफ्फुसाचं चित्र काढलं आणि सांगायला लागली. घाई केली नाही.

"छातीत सावली दिसली म्हणजे ती एकाच गोष्टीची नसते. टीबीची असते. जुन्या न्यूमोनियाचा व्रण असतो. तुमच्या गावात दगडाच्या धुळीचे गोळे जमतात, तेही असेच दिसतात. फोटो फक्त सावली दाखवतो. कशाची, ते पाणी नाहीतर तुकडा काढून भिंगाखाली बघितल्याशिवाय कुणी सांगू नये. तुमच्या पाण्यात कर्करोगाच्या पेशी आहेत, मावशी."

इन्ताने दोन्ही हात मांडीखाली घेतले. सीनुआन म्हणाली, "पुढे."

"त्याचेही प्रकार असतात. एक बारीक पेशींचा. तो वणव्यासारखा पसरतो, आणि तो बहुतेक ओढणाऱ्यांनाच होतो. दुसरा मोठ्या श्वासनळ्यांच्या अस्तरातला, तोही जास्त करून त्यांचाच. तिसरा ग्रंथींचा. तो फुफ्फुसाच्या कडेकडेला वाढतो, आणि कधीच न ओढलेल्या बायकांना झाला तर बहुतेक हाच असतो. दगडाच्या धुळीनेही धोका वाढतो."

"माझा?"

"तिसरा."

"त्या नर्सबाईला हाक मारा," सीनुआन म्हणाली. "तिला सांगा हे."

पिमला हसू आलं आणि लगेच गेलं. पेशींची आणखी एक तपासणी करून एक गोळी लागू पडते का ते बघता येईल, असं तिने सांगितलं. पडली तर काही महिने, कदाचित वर्षभर, बरं वाटेल. रोग जाणार नाही.

"हा कधीपासून आहे?" सीनुआनने विचारलं.

पिमला हा प्रश्न टाळता आला असता. तिने टाळला नाही. तिने पडद्यावर गाडीत काढलेला जुना फोटो लावला आणि उजवीकडे वर बोट ठेवलं. नखाएवढी गोल सावली. "इथे. तेव्हा ही एकटीच होती. पाणी नव्हतं, गाठी पसरलेल्या नव्हत्या."

"तेव्हा कापून काढता आली असती?"

"बहुतेक." पिमने चष्मा काढला. "हो."

"मग कुणी सांगितलं का नाही?"

पिमने फोटोबरोबरची टीप मोठ्याने वाचली. "धूळ गेल्या वर्षीइतकीच. उजवीकडे वर गोल सावली, ताइताची."

"ताइताची?" सीनुआन खुर्चीतून उठली. उठायची ताकद कुठून आली कोण जाणे. "कुठला ताईत? माझा बुद्ध माझ्या नणंदेच्या हातात होता! कपाळाशी धरून उभी होती ती! देवळात सगळ्यांच्या देखत!"

ती रडली नाही. तिला राग आला होता, आणि तो रोगाचा राग नव्हता. दगडात भेग असते, ती दगडाची चूक नव्हे. पण ज्याने तो वाजवूनच बघितला नाही आणि सलग म्हणून बाजारात पाठवला, त्याला आमच्या गावात उभं करत नाहीत.

घरी आल्यावर इन्ता म्हणाला, "जाऊ दे नुआन. झालं ते झालं. कुणी मुद्दाम थोडंच केलं?"

"मुद्दाम केलं असतं तर निदान माझ्याकडे बघून तरी केलं असतं!"

आता आमच्या लोकांचा स्वभाव सांगायला हवा, कारण मला त्याचा तितकाच राग आहे. आम्ही कुणाला अवघडल्यासारखं होऊ देत नाही. पायावर कुणी उभं राहिलं तरी आम्ही हसतो. हा आमचा गुण आहे असं सगळे सांगतात. सीनुआनला भेटायला येणारे फणसाची भाजी आणायचे, जीव अंगात टिकावा म्हणून मनगटाला पांढरा दोरा बांधायचे, आणि निघताना कानात म्हणायचे, "अनुसोनला काही बोलू नकोस हं. भला माणूस आहे. त्याला फार वाईट वाटतंय." मरणार ती, आणि सांभाळायचं त्याला!

अनुसोन आला तो तबक घेऊन. चांदीच्या तबकात पांढरी फुलं, मेणबत्त्यांची जोडी, शिकेकाईच्या शेंगांचं सुवासिक पाणी. आमच्याकडे वडीलधाऱ्यांची क्षमा अशी मागतात. तबक समोर आलं की वडीलधाऱ्याने पाण्यात बोटं बुडवायची, डोक्यावर शिंपडायची आणि आशीर्वाद द्यायचा. तबक कुणी नाकारत नाही. नाकारलेलं कुणी पाहिलेलंही नाही. अर्धं गाव घराखाली गोळा झालं होतं.

अनुसोन गुडघ्यांवर बसून पुढे सरकला. "मावशी, माझ्या हातून चूक झाली."

"कोणती?"

त्याला हे अपेक्षित नव्हतं. क्षमा मागताना कोणती चूक हे कोणी विचारत नाही. "म्हणजे... फोटो तपासणाऱ्या डॉक्टरांचा शहरातून फोन आला होता. म्हणाले, तुमच्या गावच्या एकतीस जणांच्या फोटोत फुफ्फुसावर गोल सावली आहे, परत बोलवायचे का? मी म्हटलं, आमच्याकडे सगळे बुद्ध पाठीवर सरकवतात. ताईतच असणार."

"सगळ्यांचे?"

"सगळ्यांचे."

"एकतिसांचे फोटो तू बघितलेस?"

"नाही."

"एकतिसांना विचारलंस?"

"नाही मावशी. सुगीचे दिवस होते, परत बोलवायचं म्हणजे लोकांना त्रास..."

"आणि माझा बुद्ध नणंदेच्या ओंजळीत होता, तो तू पाहिला होतास. लिलाव म्हणालास. आठवतंय?"

अनुसोनने मान खाली घातली. त्याला आठवत होतं.

"उचल ते तबक," सीनुआन म्हणाली.

खाली कुजबूज झाली. इन्ता म्हणाला, "नुआन, अगं..."

"उचल! माझी क्षमा स्वस्त नाही. आधी यादी आण. एकतीस नावं. मग बघू."

गावात हलकल्लोळ झाला. मरणाच्या दारातली बाई तबक परत पाठवते! देवळातल्या भिक्खूंपर्यंत गोष्ट गेली. शेजारीण वर येऊन म्हणाली, "असा राग घेऊन गेलीस तर पुढच्या जन्मी काय होईल गं तुझं?"

"पुढच्या जन्माचं पुढच्या जन्मी बघीन. हे एकतीस जण याच जन्मात आहेत. त्यांना सांगितलंस का काही, का नुसती माझीच काळजी?"

दुसऱ्या दिवशी यादी आली. हाताने लिहिलेली. सीनुआनने चष्मा लावला आणि बोट ठेवत एकेक नाव वाचलं. सतराव्या नावावर बोट थांबलं. तिने परत वाचलं. मग खिडकीतून हाक मारली, "वन्सं! वर या!"

फोंगकेव हात पुसत आली आणि दाराशीच बसली.

"गाडीच्या दिवशी तुमचा बुद्ध कुणाच्या हातात होता?"

फोंगकेवने पुन्हा हात पुसायला घेतले.

"वन्सं, मी विचारतेय."

"तुमच्या, वहिनी."

"मग तुमच्या कागदावर ताईत कुठून आला?"

फोंगकेव बोटाने चटईच्या काड्या उचकत राहिली. "वाचलं होतं मी तेव्हाच. वाटलं, शिकलेल्या माणसांनी लिहिलंय. आपण कसं म्हणायचं की चुकलंय? त्यांना वाईट वाटलं असतं. आणि मला वाटलं, तुमचा बुद्ध इतका वेळ कपाळाशी धरला होता, त्याचीच सावली राहिली असेल अंगात."

"आणि माझं कळल्यावर? तेव्हाही गप्प?"

"तुम्ही आजारी. त्यात माझं कुठे सांगत बसू?"

सीनुआनने डोळ्यांवरचा चष्मा काढून फेकला. तो भिंतीवर आपटला. नणंदेला ती काय काय बोलली ते लिहिता येणार नाही. आमच्या भाषेतल्या शिव्यांना दुसऱ्या भाषेत तेवढी धार येत नाही. बोलता बोलता तिला धाप लागली, आणि त्या धापेतच ती रडायला लागली. रोग कळल्यापासून पहिल्यांदा. फोंगकेवने तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिच्या पाठीवरून हात फिरवताना ती एकच म्हणत होती, "रागावू नका वहिनी, खोकला येईल."

"इकडे वळा," सीनुआन थोड्या वेळाने म्हणाली. "पाठ करा."

तिने नणंदेच्या पाठीवर बोट ठेवून ठोकलं. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. सगळीकडे सारखा, मोकळा आवाज. "पाणी नाही," ती म्हणाली. "अजून पाणी नाही. उद्या सकाळी निघायचं."

सकाळी अनुसोन स्वतःची गाडी घेऊन दारात होता. सीनुआन त्याच्या शेजारी बसली आणि इस्पितळ येईपर्यंत त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. पिमने फोंगकेवला यंत्रात निजवलं. गाठ होती. नखाहून थोडी मोठी, कडेला, एकटी. बरगड्यांमधून लांब सुई घालून तुकडा काढला. तिसराच प्रकार, वहिनीचाच. पण पाणी नाही, पसरलेलं नाही. महिन्याभरात उजव्या फुफ्फुसाचा वरचा भाग काढून टाकला. फोंगकेवला शुद्ध आली तेव्हा तिने सर्जनला त्रास दिल्याबद्दल माफी मागितली. सीनुआनने कपाळाला हात लावला.

सीनुआनची गोळी लागू पडली. तोंडावर पुरळ आलं, नखांच्या कडा फुटल्या, पण श्वास खुलला. त्या उसन्या दिवसांत तिने दोन गोष्टी केल्या. रोज सकाळी काठी टेकत ती यादीतल्या घरांपुढे जायची आणि विचारायची, "त्या दिवशी तुझ्या गळ्यात होता का? नक्की?" कुणालाच नक्की आठवत नव्हतं. "मग ये गाडीला. तुझ्या आठवणीवर मी विश्वास ठेवत नाही." दुसरी गोष्ट दगडाची. तिला धुळीत बसायला पिमने सक्त मनाई केली होती, म्हणून इन्ता नळीने पाणी सोडत छिन्नी चालवायचा आणि ती दूर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसून हुकूम सोडायची. दगड मात्र तिने निवडला. सहा ठोकून टाकून दिले. सातवा ठण्ण वाजला.

त्या वर्षी गाडी उशिरा, थंडी संपता संपता आली. देवळाच्या आवारात, गाडीच्या पायरीशेजारी, एक दगडी खांब उभा होता, माणसाच्या डोक्याहून उंच, वर पाकळ्यांच्या काठाचं रुंद तबक. त्यात पांढरं कापड अंथरलेलं. शेजारी खुर्चीवर सीनुआन, हातात काठी. प्लास्टिकची टोपली तिने लांब चपलांमध्ये भिरकावली होती.

"काढ. पुढे नाही, मागे नाही, काढ. वर ठेव. तुझ्या डोक्याहून उंच आहे, पाप लागत नाही."

लोक काढत होते, दोन्ही हातांनी वर ठेवत होते. तंत्रज्ञ मजेत बघत उभा होता. तिने काठी त्याच्याकडे वळवली. "तुझे तीन?"

"मी फोटो काढणारा, मावशी. माझा कोण काढणार?"

"तू गेल्या वर्षी कुणाला काही बोलला नाहीस, कारण तुझ्याही गळ्यात होते. काढ."

त्याने काढले.

पिम त्या दिवशी स्वतः आली होती, गाडीतच बसून फोटो वाचत होती. यादीतले एकोणतीस. सव्वीस जणांची सावली बुद्ध काढल्याबरोबर गेली. दोघांच्या छातीत धुळीचे गोळे निघाले; त्यांचं चक्र त्या दिवसापासून बंद. एकाला टीबी होता, बरा होणारा. कर्करोग आणखी कुणाला नव्हता. हे ऐकून लोक हसले, कुणीतरी म्हणालं, "बघा, म्हणजे बहुतेक ताईतच होते की!" सीनुआनने त्या माणसाकडे असं बघितलं की तो गर्दीत मागे सरकला.

मग ती उठली आणि गळ्यातला आईचा बुद्ध काढून तबकात ठेवला.

"तुमचा नको मावशी," पिम खिडकीतून म्हणाली. "तुमचे सगळे फोटो आहेत माझ्याकडे."

"खोटं लिहिलेला आहे. खरं लिहिलेला हवाय मला. याच गाडीतला."

फोंगकेव आणि इन्ताने तिला पायरी चढवली. श्वास रोखायला सांगितला, तेवढा तिला रोखता आला नाही. तंत्रज्ञाने दोनदा काढला. ती खाली येऊन खुर्चीत बसली.

"मोठ्याने वाचा," ती म्हणाली.

पिमने वाचलं. "उजवीकडे वर गाठ, चार सेंटीमीटर. गेल्या वर्षीच्या फोटोत याच जागी होती. उजवीकडे तळाशी थोडं पाणी. दोन्ही बाजूंना दगडाची धूळ. ताईत नाही."

"शेवटचं परत."

"ताईत नाही."

"लिहिलंत?"

"लिहिलं, मावशी."

सीनुआनने मान हलवली. मग तिने गर्दीत अनुसोनला शोधलं. तो आंब्याखाली उभा होता. चार महिने तो तिला गोळ्या आणून देत होता, इस्पितळात नेत-आणत होता, आणि ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"अनुसोन, तुझं ते तबक कुठाय?"

तो धावत केंद्रात गेला. फुलं ताजी नव्हती, त्याने वाटेत कुणाच्या तरी कुंपणावरची तोडली. गुडघ्यांवर बसला. धावण्यात पाणी तबकात सांडलं होतं.

सीनुआनने बोटं बुडवली आणि त्याच्या डोक्यावर पाणी शिंपडलं. आशीर्वाद ठरलेला असतो, आयुष्याचा, बळाचा, सुखाचा, तो तिने आधी सगळा म्हटला. मग थांबून दम घेतला.

"खूप जग," ती म्हणाली. "आणि पुढच्या वेळी फोन आला की उठून बघून ये."